होशंगाबादचे ‘बाल वैज्ञानिक’ : सहावी ते आठवीच्या प्रयोगशाळेचा तीस वर्षांचा इतिहास (१९७२–२००२)

आपल्या शिक्षणसंस्थांमध्ये ‘प्रयोगशाळा’ हा शब्द बहुधा कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयाशी जोडलेला असतो. अकरावीला विज्ञान शाखा घेतलेला विद्यार्थी तिथे खऱ्या अर्थाने प्रवेश करतो. नववी-दहावीला प्रयोगवही असते, पण तिच्यातला मजकूर अनेकदा फळ्यावरून उतरवलेला असतो. सहावी, सातवी आणि आठवीची मुले तर प्रयोगशाळेच्या दारावरूनच पुढे जातात. ‘लहान आहेत, काचसामान फोडतील’ हे कारण आपण सर्वांनी ऐकलेले आहे. याचा परिणाम असा होतो की, विज्ञान आपल्याला जमेल की नाही याचा निर्णय ही मुले विज्ञान स्वतः करून पाहण्याआधीच घेऊन मोकळी होतात. दहावीनंतर विज्ञान शाखेकडे पाठ फिरवणाऱ्या आपल्या मुलामुलींविषयी आपण चिंता व्यक्त करतो, तेव्हा तिचे मूळ या तीन वर्षांत शोधायला हवे.

हल्ली या संदर्भात ‘स्टेम’ हा शब्द वारंवार कानावर येतो. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या चार विषयांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून बनलेला हा शब्द अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात २००१ च्या सुमारास रूढ झाला. आपल्याकडे २०१६ पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. त्यामुळे अकरा-बारा वर्षांच्या मुलाला प्रयोगशाळेत आणणे ही कल्पना नवीन आणि खर्चिक आहे, असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात ही कल्पना आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, साध्या सरकारी शाळांत, तब्बल तीस वर्षे राबवली गेली. ती कशी सुरू झाली, कशामुळे टिकली, का थांबली आणि तिच्यात महाविद्यालयीन अध्यापकांचा वाटा काय होता, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

विद्यार्थ्याने प्रयोग पाहावा की करावा, हा वाद जुना आहे. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ हेन्री आर्मस्ट्राँग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिक्षकाने टेबलामागे उभे राहून प्रयोग दाखवण्याच्या प्रथेवर टीका केली. विद्यार्थ्याला शक्य तितके शोधकाच्या जागी उभे करावे, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या महायुद्धानंतर या विचाराला पुन्हा बळ मिळाले. अमेरिकेत १९५६ मध्ये शालेय भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने रचण्याचे काम सुरू झाले. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडल्यावर त्याला मोठे आर्थिक पाठबळ मिळाले. इंग्लंडमध्ये १९६२ पासून नफील्ड प्रतिष्ठानाने असाच प्रकल्प हाती घेतला. भारतात कोठारी आयोगाने (१९६४–६६) विज्ञान आणि गणित हे सर्वसाधारण शालेय शिक्षणाचे अविभाज्य भाग असावेत अशी शिफारस केली आणि १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती स्वीकारली.

विषय सक्तीचा झाला, पण शिकवण्याची रीत बदलली नाही. व्याख्या पाठ करणे आणि प्रश्नांची ठरावीक उत्तरे लिहिणे म्हणजे विज्ञान, असेच चालू राहिले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी महानगरपालिकेच्या शाळांत प्रयोगावर आधारित विज्ञान शिकवण्याचा प्रयत्न सुरू केला होता. त्याच परंपरेतून पुढे १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभे राहिले. शहरात जे चालले आहे ते खेड्यातल्या शाळेत चालेल काय, हा प्रश्न मात्र शिल्लक होता. त्याचे उत्तर नर्मदेच्या काठावर शोधले गेले.

सोळा शाळांपासून सुरुवात

होशंगाबाद हे नाव माळव्याचा सुलतान होशंगशाह घोरी याच्यावरून पडलेले आहे. २०२२ मध्ये त्याचे अधिकृत नाव नर्मदापुरम झाले. या जिल्ह्यात १९७२ मध्ये दोन स्वयंसेवी संस्था विज्ञानशिक्षणाच्या प्रश्नावर एकत्र आल्या. एक होती रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर आणि दुसरी बनखेडी भागातील किशोर भारती. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधनाचे काम सोडून खेड्यात आले होते. या दोन संस्थांनी राज्य सरकारकडे सोळा सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान वेगळ्या पद्धतीने शिकवण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

या परवानगीचे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. निवडक मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढायची नव्हती. नेहमीची सरकारी शाळा, नेहमीचे शिक्षक, शेतकरी-मजुरांची मुले आणि नेहमीचे वेळापत्रक यांच्या आतच हे काम करायचे होते. १९७८ मध्ये ते होशंगाबाद जिल्ह्यातील सर्व माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवीच्या सरकारी शाळांत पोहोचले. ते विस्तारता यावे म्हणून १९८२ मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढे मध्य प्रदेशातील इतर जिल्ह्यांतही शाळांचे गट या कार्यक्रमात आले. राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमाने या कार्यक्रमाचे ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक छापले. सुशील जोशी यांनी या कार्यक्रमाचा जो सविस्तर इतिहास हिंदीत लिहिला, त्याचे नाव ‘जश्न-ए-तालीम’ असे आहे.

वर्गात काय घडत असे

‘बाल वैज्ञानिक’ उघडले की प्रथम जाणवते ती एक उणीव. त्यात उत्तरे नाहीत. काय करायचे याच्या सूचना आहेत, निरीक्षणे नोंदवण्यासाठी तक्ते आहेत आणि प्रश्न आहेत. मुले चार-चार जणांच्या टोळीत बसत, प्रयोग करत आणि मग चर्चा होई. प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या शब्दांत वहीत लिहायचे असे. शिक्षकाने निष्कर्ष सांगून टाकायचा नाही, असा संकेत होता.

मापनाचे उदाहरण घेऊ. टेबलाची लांबी मोजायला दहा मुलांना सांगितले, तर दहा आकडे एकसारखे येत नाहीत. आपल्या नेहमीच्या वर्गात शिक्षक एक आकडा ‘बरोबर’ ठरवतात आणि बाकीची मुले खोडरबर काढतात. होशंगाबादच्या वर्गात हा फरक हाच पाठाचा विषय होता. पट्टीची टोके झिजलेली होती काय? डोळा तिरका होता काय? काळजीपूर्वक मोजूनही थोडा फरक राहतोच, तर मग कोणता आकडा लिहावा? पुस्तकात या प्रकरणाला ‘घट-बढ़ और सन्निकटन’ असे नाव होते. संयोग आणि संभाव्यता यांवरही एक प्रकरण होते. त्यात मुले नाणी आणि फासे पुन्हा पुन्हा टाकून साऱ्या वर्गाच्या नोंदी एकत्र करत. पदवी स्तरावर आपण ज्याला मापनातील त्रुटी आणि सांख्यिकी म्हणतो, त्याचा पाया इथे बाराव्या वर्षी घातला जाई.

दुसरे उदाहरण प्राण्यांच्या जीवनचक्राचे. ताजे शेण एका बरणीत ठेवायचे, माश्या बसू द्यायच्या आणि रोज पाहायचे. उबदार हवेत अंडी एका दिवसात फुटतात, अळ्या वाढतात, कोष होतात आणि साधारण दहा-बारा दिवसांत नवी माशी बाहेर पडते. ‘अळ्या शेणातून आपोआप होतात’ ही समजूत मुलांचीच नव्हे, मोठ्यांचीही असते. शेजारी दुसरी बरणी घट्ट विणीच्या कापडाने बांधून ठेवली की समजूत आणि निरीक्षण समोरासमोर येतात. इटलीत फ्रान्सेस्को रेडी यांनी १६६८ मध्ये मांसाच्या भांड्यांवर जाळी बांधून हाच प्रश्न सोडवला होता. नर्मदेकाठच्या मुलाला रेडीचे नाव ठाऊक नसले, तरी त्याची युक्ती त्याला समजू शकत होती.

यासाठी लागणारे साहित्य एका पेटीत मावत असे. भिंगे, लोहचुंबक, परीक्षानळ्या, तारा अशा मोजक्या वस्तू सरकारकडून येत. बाकीचे गावातून मिळे. फुलाचे भाग वेगळे करायला सुईऐवजी बाभळीचा काटा चाले. रिकाम्या इंजेक्शनच्या बाटल्या छोट्या पात्रांचे काम करीत. याच कार्यक्रमात १९७८ मध्ये अरविंद गुप्ता हे तरुण अभियंते नोकरीतून एक वर्षाची रजा घेऊन आले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून भूमितीच्या आकृत्या व सांगाडे बनवण्याची त्यांची पद्धत इथेच आकाराला आली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील बालविज्ञान केंद्रातून त्यांचे हे काम महाराष्ट्रातील असंख्य मुलांपर्यंत पोहोचले.

साहित्याबाबत एक व्यवस्था बारीक, पण निर्णायक होती. फुटलेल्या, संपलेल्या वस्तू दरवर्षी भरून देण्याची तरतूद कार्यक्रमात धरलेली होती. तिला ‘क्षतिपूर्ति’ म्हणत. काचसामान फुटणार हे गृहीत धरले की शिक्षकाची भीती कमी होते. आपल्याकडे साहित्याची नोंदवही शिक्षकाच्या नावावर असते आणि तुटफुटीचा जाब त्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे कपाटाला कुलूप लावणे हाच त्याला शहाणपणाचा मार्ग वाटतो.

शिक्षक आणि महाविद्यालयाचे प्राध्यापक

पेटी आणि पुस्तक देऊन काम संपत नाही, हे पहिल्याच टप्प्यात ध्यानात आले. सहावी-सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या अनेक शिक्षकांनी स्वतः कधी प्रयोग केलेला नव्हता. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्यासाठी शिबिरे घेतली जात. तिथे शिक्षक विद्यार्थ्यांच्या जागी बसत, तेच प्रयोग करत, चुकत आणि वाद घालत. वर्षभर दर महिन्याला जवळपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र जमत. कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता अवघड प्रश्न विचारला, यावर तिथे बोलणे होई. शिवाय अनुवर्तन म्हणून कार्यकर्ते शाळेत जाऊन वर्गात बसत. त्यात तपासणीचा रोख नसे, मदतीचा असे.

या शिबिरांत मार्गदर्शक कोण होते, हे आपल्यासाठी विशेष महत्त्वाचे आहे. १९७३ पासून दिल्ली विद्यापीठातील अध्यापकांचा एक गट या कामात आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांच्या सहभागासाठी पाठ्यवृत्तीची सोय केली. मध्य प्रदेशातील महाविद्यालयांतले प्राध्यापकही आले. पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्या या मंडळींना प्राथमिक वाटणाऱ्या प्रश्नांपुढे थांबावे लागले. सहावीच्या मुलाने विचारलेल्या ‘का’ला सूत्र सांगून उत्तर देता येत नाही. प्राध्यापकांनी शालेय शिक्षकांना विषय दिला आणि शिक्षकांनी प्राध्यापकांना मुले कशी विचार करतात ते दाखवले. पुस्तकाची प्रकरणे वर्गातल्या या अनुभवावर पुन्हा पुन्हा लिहिली गेली.

मुलांच्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुले त्याला पत्र लिहीत आणि त्यांना उत्तर मिळे. वर्गात हात वर करायला संकोचणारी मुलगीही पोस्टकार्ड लिहू शकत होती.

परीक्षेचा प्रश्न

शिक्षणातील कोणताही बदल शेवटी परीक्षेच्या दाराशी येऊन थांबतो. पद्धत नवी आणि प्रश्नपत्रिका जुनी असेल, तर मार्चपर्यंत पुन्हा पाठांतर सुरू होते. होशंगाबादच्या कार्यक्रमाने हे ओळखून परीक्षाच बदलली. आठवीच्या परीक्षेत विद्यार्थ्याला पुस्तक आणि स्वतःची वही सोबत नेण्याची मुभा होती. प्रश्न असे काढले जात की उत्तर पुस्तकात सापडू नये, पण प्रयोग केलेल्याला विचार करून देता यावे. लेखी परीक्षेसोबत प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षाही होती. सरकारी परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची परवानगी ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. माझ्या मते हा कार्यक्रम तीस वर्षे टिकला, त्यामागे पेटीपेक्षाही या परीक्षेचा वाटा मोठा आहे. वही परीक्षेत उपयोगी पडणार असेल, तर ती मन लावून लिहिली जाते.

भाषेचा प्रश्न

विज्ञानशिक्षणात भाषेच्या अध्यापकाचे काय काम, असे विचारले जाते. उर्दूत विज्ञान आणण्याची आपली परंपरा मोठी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दिल्ली कॉलेजमध्ये मास्टर रामचंद्र उर्दूतून गणित आणि विज्ञान शिकवत व लिहीत होते. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन केली आणि ती पुढे अलिगढला गेली. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये दारुल तर्जुमा सुरू झाले आणि उच्च शिक्षणातील विज्ञान उर्दूत आणण्याचे प्रचंड काम झाले. मराठीतही परिभाषा घडवण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू आहेत. या साऱ्या परंपरेत प्रवासाची दिशा मात्र इंग्रजी ग्रंथाकडून आपल्या भाषेकडे आणि विद्वानाकडून विद्यार्थ्याकडे होती. अरबी-फारसी किंवा संस्कृत धातूंपासून घडवलेली संज्ञा शालेय मुलाला इंग्रजी संज्ञेइतकीच परकी वाटू शकते.

‘बाल वैज्ञानिक’ने क्रम उलटा केला. आधी अनुभव, मग मुलाचे स्वतःचे वर्णन आणि गरज भासेल तेव्हा संज्ञा. ‘घट-बढ़’ हा बाजारातला शब्द प्रकरणाच्या मथळ्यात येतो, तो यामुळेच. याच काळात होमी भाभा केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात काम केले. पाठ्यपुस्तकातील विज्ञानाची भाषा ही मुलांच्या आकलनातील एक मोठी अडचण आहे, हे त्यांनी अभ्यासातून मांडले आणि भाषा सोपी करून पाहिली. घरी दखनी, कोकणी किंवा खानदेशी बोलणारे आणि शाळेत उर्दू किंवा प्रमाण मराठी वाचणारे आपले मूल या अडचणीला दुहेरी सामोरे जाते. प्रयोगवहीत त्याला स्वतःच्या बोलीत लिहू दिले, तर त्याला काय कळले आणि काय नाही, हे शिक्षकाला प्रथमच दिसते.

२००२ आणि त्यानंतर

२००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. संपूर्ण राज्यात एकच पाठ्यपुस्तक असावे आणि या कार्यक्रमातील मुले पुढच्या परीक्षांत मागे पडतात, असे आक्षेप घेतले गेले. देशभरातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी या निर्णयाला विरोध नोंदवला, पण निर्णय बदलला नाही. आक्षेप घेणाऱ्यांत पालकांची चिंता होती, हे नाकारून चालणार नाही. शेजारच्या जिल्ह्यातील मूल ज्या पुस्तकातून आणि ज्या परीक्षेतून जाते, त्यापेक्षा आपल्या मुलाचे वेगळे का, असे कोणत्याही पालकाला वाटेल. नववीला गेल्यावर हाच विद्यार्थी पुन्हा पाठांतराच्या परीक्षेला सामोरा जात होता. तीन वर्षांचा बदल वरच्या वर्गांत पुढे गेला नाही, ही या कार्यक्रमाची सर्वांत दुबळी बाजू होती. शिक्षकांना जेवढे विश्वासात घेतले गेले, तेवढे पालकांना घेतले गेले काय, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

तरी हे काम वाया गेले नाही. ज्या यशपाल यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी प्रयोगातून विज्ञान शिकवण्याच्या विचाराला सुरुवातीच्या काळात पाठिंबा दिला, त्यांच्याच अध्यक्षतेखाली २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला. कृतीतून शिकणे आणि घोकंपट्टीपासून सुटका हे त्यातले आग्रह होशंगाबादच्या शिक्षकांना ओळखीचे वाटले असतील.

आपल्या संस्थांसाठी बोध

हा इतिहास वाचताना एक गोष्ट स्पष्ट होते. सहावीच्या मुलाला प्रयोगशाळेत आणायला महागडे यंत्र हा पहिला अडसर नाही. २० लाखांची प्रयोगशाळा मिळाली तर जरूर घ्यावी, परंतु शिक्षकाची तयारी, तुटफुटीची तरतूद, परीक्षेत प्रयोगाला स्थान आणि मुलाच्या भाषेला वहीत जागा या चार गोष्टी नसतील, तर तिलाही कुलूपच लागेल. यातल्या तीन गोष्टी महाविद्यालयाच्या अध्यापकांच्या आवाक्यातल्या आहेत.

आपल्या बहुतेक संस्थांत प्राथमिक शाळा, हायस्कूल आणि महाविद्यालय एकाच व्यवस्थापनाखाली, कित्येकदा एकाच आवारात आहेत. महाविद्यालयाची प्रयोगशाळा आठवड्यातून काही तास रिकामी असते. त्या वेळेत सहावी-सातवीची एक तुकडी चार-चारच्या गटांत तिथे बसवता येईल. त्याआधी शाळेच्या विज्ञान शिक्षकांनी आणि विभागातील अध्यापकांनी तोच प्रयोग एकत्र करून पाहावा, म्हणजे वर्गात कोणी एकटा पडणार नाही. तुटफुटीसाठी व्यवस्थापनाने दरवर्षी लहानशी रक्कम आगाऊ मंजूर करावी आणि तिचा जाब शिक्षकाला विचारू नये. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनात वही उघडी ठेवून सोडवायचा एक प्रश्न आणि हाताने करायचा एक प्रयोग ठेवण्यास कोणत्याही मंडळाची आडकाठी असण्याचे कारण नाही. उर्दू-मराठीच्या अध्यापकांनी मुलांच्या वह्या वाचाव्यात, मुलाने स्वतः शोधलेला शब्द खोडण्याऐवजी त्याच्याशेजारी संज्ञा लिहावी. आणि वर्षातून एकदा पालकांना बोलावून त्यांच्याच मुलांकडून टेबल मोजून घ्यावे, दहा आकडे फळ्यावर लिहावेत. होशंगाबादमध्ये जे राहून गेले, ते आपल्याला पहिल्या वर्षापासून करता येईल.

येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाने आवारातल्या किंवा शेजारच्या एका शाळेची सहावीची एक तुकडी जरी दत्तक घेतली, तरी तीन वर्षांनी नववीत जाणारी मुले विज्ञानाविषयीचा निर्णय अनुभवावरून घेतील. त्यांनी नंतर कोणतीही शाखा निवडली, तरी मोजण्याची आणि विचारण्याची सवय त्यांच्यासोबत जाईल.